फरशीवर न सापडलेला दात

भिंगकाकूंनी म्हणे नातीचा दुधाचा दात चिमट्याने उपटला आणि अंगठीत बसवला!

ही बातमी इमारतीच्या तळमजल्यावर जन्मली, दुसऱ्या मजल्यावर चालायला लागली आणि गच्चीवर पोचेपर्यंत तिला चांगली मिसरूड फुटली. वाटेत अंगठी सोन्याची झाली. पुढे ती कुणा श्रीमंत गिऱ्हाइकाने मागवलेली निघाली. एका बाईंनी तर बोटाचं मापही सांगितलं. अफवेला आईबाप नसतात म्हणतात, पण हिला दोन्ही होते. एक म्हणजे कापूस घातलेली चिमुकली डबी, जी घट्ट धरून काकू भरदुपारी अनवाणी जिना उतरताना दिसल्या. आणि दुसरा म्हणजे त्यांचा धंदा. बाकी दात कुणी उपटला नव्हता. अंगठीत तर मुळीच बसवला नव्हता. खरं सांगायचं तर त्या वेळी दात कुठे होता हे खुद्द काकूंनाच ठाऊक नव्हतं, आणि सगळं दुखणं तेच होतं.

काकूंचा धंदा जडकामाचा. सोनार दागिना घडवतो, पण त्यात खडा बसवायला हात वेगळा लागतो, आणि त्या हातासाठी बाजारातल्या मोठमोठ्या पेढ्यांची माणसं काकूंच्या दाराशी चपला काढतात. उजव्या डोळ्याला सदा भिंग, म्हणून नाव भिंगकाकू. टोमॅटो घ्यायला गेल्या तरी ते काढायचं भान राहत नाही. भाजीवाला त्यांना लांबून बघितलं की डागाळलेला माल आपणहून बाजूला सारतो. हात मात्र असा की मोहरीएवढा खडा मेणाच्या कांडीला चिकटवून उचलतील, कोंदणात अलगद ठेवतील, कडेचं सोनं त्यावर दाबतील आणि वर विचारतील, "बघा बरं, माझ्या श्वासानं तरी हलला का?"

कामाची खोली म्हणजे घरातली पुढची खोली. खिडकीखाली बाक, बाकाला अर्धगोल खाच, खाचेखाली टांगलेली चामड्याची झोळी, म्हणजे सोन्याच्या किसाचा कणन् कण तीत पडावा. बाकाशेजारी पाय टेकायला एक बुटकं लाकडी स्टूल. आणि या खोलीत एक कायदा. चिमट्यातून खडा निसटला की काकू ओरडतात, "खडा उडाला! हलू नका!" मग जो जिथे असेल तो तिथेच थिजायचा. कारण पाऊल उचललं की खडा तळव्याला चिकटून परागंदा झालाच समजा. काकू खाली बसतात, बॅटरी फरशीवर आडवी ठेवतात, म्हणजे एवढ्याशा खड्याचीही लांबलचक सावली पडते आणि पठ्ठ्या पकडला जातो. काकूंचे यजमान हयात होते तेव्हा एकदा एक पाय हवेत धरून बगळ्यासारखे उभे राहिले होते, आणि पोस्टमन सही मागत दारात ताटकळला होता. पेढीवाल्यालाही सूट नाही. सुनेलाही नाही.

हा कायदा सर्वांत चोख पाळायची ती ढमी. ढमी म्हणजे काकूंची नात. दुसरं वर्ष अजून पुरं व्हायचं होतं, गोल गरगरीत, चालण्यापेक्षा धावणं सोपं वाटायचं ते वय. बाप जहाजावर, घरी येतो तेव्हा ढमी त्याला 'काका' म्हणते. आई एका कचेरीत दिवसभर टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते आणि घरी आल्यावर कुणाचीही ऐकत नाही. दिवसा ढमी आजीची. आजीने "हलू नका" म्हटलं की ही दोन्ही हात वर करायची, गाल फुगवायची आणि चक्क श्वाससुद्धा रोखून धरायची. सगळी इमारत हे बघायला यायची. काकूही कौतुकाने चमचा मुद्दाम पाडायच्या आणि ओरडायच्या. ढमी पुतळा! टाळ्या! कुणाच्या मनात तरी आलं असेल का, की या कौतुकाची भीती वाटायची वेळ येईल?

त्या दुपारी ढमीला सर्दी होती, खोकला होता, आणि एका पायातला मोजा सैल होता. काकू एका अंगठीचा शेवटचा खडा दाबत होत्या. मागे ढमीची पावलं थपथप आली, मग घसरल्याचा आवाज, मग लाकडावर काहीतरी कडक आपटल्याचा. काकूंनी वळून बघितलं. ढमी स्टुलाला धरून उठत होती. तोंड उघडं होतं, रडायच्या आधी पोरं ओढतात तसा मोठ्ठा श्वास ती आत ओढत होती. आणि वरचे पुढचे दोन दात, काकूंचे लाडके, हसली की आधी दिसायचे ते दोन, त्यांतला एक नव्हता.

दुसरं कुणी असतं तर पोर उचलली असती. काकूंच्या तोंडून मात्र आपसूक निघालं, "हलू नको!"

जन्मभराची सवय हो. कोंदण रिकामं दिसलं की खडा खाली, आणि खडा खाली तर आधी फरशी. काकू गुडघ्यांवर बसल्या, बॅटरी आडवी लावली, पदर कमरेला खोचला. स्टुलाखाली बघितलं, बाकाखाली बघितलं, कपाटाच्या पायांमागे बघितलं. गेल्या वर्षी हरवलेला एक हिरवा खडा, ज्यापायी पेढीवाल्याशी महिनाभर अबोला झाला होता, तो चक्क तिथे कोपऱ्यात चमकत होता. काकूंनी तो हाताने बाजूला ढकलला आणि पुढे सरकल्या. पांढरं काहीतरी दिसलं, झडप घातली, तर साबणाचा तुकडा.

मग बॅटरीच्या उजेडात फरशीवर एक लाल थेंब पडला. त्याच्यापाशी दुसरा.

काकूंनी मान वर केली. ढमी तिथेच उभी होती. दोन्ही हात वर, गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. रडत नव्हती. हलत नव्हती. श्वास रोखून धरला होता, कारण आजीने सांगितलं होतं. मिटलेल्या ओठांच्या कोपऱ्यातून रक्त हनुवटीवर येत होतं, डोळ्यांत पाणी काठोकाठ आलं होतं आणि ती आजीकडे बघत होती, टाळ्या कधी वाजतात म्हणून.

काकू गुडघ्यांवरच रांगत पोरीपर्यंत पोचल्या. "हल गं! हल माझ्या राणी! रड! ओरड!" त्यांनी तिला छातीशी धरून गदागदा हलवलं, तेव्हा कुठे ढमीने तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या हातातलं वर्तमानपत्र गळालं.

तोंड उघडल्यावर रक्तच रक्त. लाळेत मिसळलं की थेंबाचं ओंजळभर दिसतं, हे काकूंना कोण सांगणार? ओला फडका हिरडीला लावला, तो लाल. दुसरा लावला, तोही लाल. ओठ टम्म सुजायला लागला. बोट घालून जिभेखाली चाचपलं, गालात चाचपलं, टाळूला चाचपलं. ढमीने ते बोट कडकडून चावलं. दात मात्र नाही. फ्रॉक झटकला, मोजे उलटे केले, केसांत बघितलं. नाही. शेजारचा दातही हलत होता, बोट लागलं की पडद्यासारखा मागेपुढे.

सुनेला फोन लावला. तिच्या कचेरीत आपापले फोन कपाटात ठेवून मगच कामाला बसायचा नियम. दारावरच्या बाईंना निरोप सांगताना काकूंच्या तोंडून धड वाक्य निघेना. "तिला म्हणावं, दात... म्हणजे ढमी... म्हणजे जिवंत आहे हो, पण..." पलीकडच्या बाई घाबरून म्हणाल्या, "पण काय?" तेवढ्यात मास्तर दारात.

मास्तर निवृत्त आहेत, पण शिकवायचे थांबलेले नाहीत. त्यांना पावसापासून मूळव्याधीपर्यंत सगळ्यातलं कळतं, आणि न विचारता कळतं. त्यांनी उंबऱ्यावरूनच हुकूम सोडला, "काकू, दात आधी दुधात टाका. पेलाभर थंड दूध. डॉक्टर परत बसवतात, मी वाचलंय."

"अहो, दात आहे कुठे टाकायला?"

"म्हणजे? हरवला?"

"सगळी फरशी पालथी घातली. नाही सापडत."

मास्तर गंभीर झाले. गंभीर झाले की ते चष्मा पुसतात. पुसत पुसत म्हणाले, "पडली तेव्हा श्वास आत ओढला होता का तिने?"

काकूंच्या डोळ्यांसमोर तो मोठ्ठा उघडा जबडा आला. "ओढला होता."

"मग बाहेर सोडला?"

"नाही हो. रोखून धरला. मीच... मी म्हटलं, हलू नको."

"हं," मास्तर म्हणाले. एवढंच म्हणाले असते तर त्यांचं काही बिघडलं नसतं. पण मास्तरांना पाठ अर्धवट सोडवत नाही. "पोटात गेला असेल तर चिंता नाही, येईल आपल्या वाटेनं बाहेर. पण श्वासनलिकेत गेला असेल तर मग तो फुप्फुसात जाऊन बसतो. खोकला येतो का तिला?"

आणि नेमकी त्याच क्षणी ढमी खोकली.

सकाळपासून खोकतच होती बिचारी, सर्दीच होती. पण काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. हा खोकला सकाळचाच की नवा? सकाळी कोरडा होता का ओला? आता त्यात शिट्टीसारखं काही वाजलं का? त्यांनी पोरीच्या पाठीला कान लावला. आत खरखर ऐकू आली. ती सर्दीची असेल. किंवा नसेल. त्या इवल्याशा छातीत कुठेतरी तो पांढराशुभ्र दात अडकलाय, आणि प्रत्येक श्वासाला थोडा आणखी खाली सरकतोय, असं चित्र एकदा मनात बसलं ते बसलंच. खडा कोंदणात बसवावा तसं.

"मास्तर, गाडी बोलवा."

"दूध घेऊ का बरोबर?"

"दूध घ्या नाहीतर डोक्यावर ओता! गाडी बोलवा आधी!"

गाडी येईपर्यंत काकूंनी काय केलं असेल? खोली झाडली. हो, झाडली. एका कडेवर रडती पोर आणि दुसऱ्या हातात मऊ कुंचला. जडकामाच्या घरात केर टाकत नाहीत, पुडीत बांधून ठेवतात, कारण हरवलेलं कधी ना कधी केरातच सापडतं. तो सगळा केर त्यांनी कागदात गुंडाळला. डॉक्टर शिकलेले असतात, त्यांना यात दात सापडेल. सापडला तर तो ठेवायला कापूस घातलेली खड्यांची डबी घेतली. सापडू दे. देवा, या केरात सापडू दे. केरात असला म्हणजे छातीत नाही. चपला घालायचं राहिलं, आणि जिन्यात जी माणसं उभी होती त्यांना डबी तेवढी दिसली. पुढचं तुम्ही ऐकलंच आहे.

गाडीत ढमी रडून रडून दमली आणि खांद्यावर झोपली. एरवी काकूंनी 'झोपली एकदाची' म्हणून सुस्कारा टाकला असता. आज त्यांचा जीव टांगणीला लागला. झोपली की शुद्ध गेली? "ढमे, ए ढमे," त्यांनी गाल थोपटला. ढमीने डोळे उघडले, भोकाड पसरलं आणि खोकली. रडली की खोकते, गप्प झाली की हिचे डोळे मिटतात. काकू दोन्हीला घाबरत होत्या. चालवणारा आरशातून म्हणाला, "आजी, झोपू द्या की लेकराला."

"तुम्ही पुढे बघा!"

तो पुढे बघायला लागला. रस्त्यात एक ट्रक आडवा लागला होता, त्यालाही काकूंनी काचेतून असं काही सुनावलं की ट्रकवाल्याने मुकाट्याने चाक वळवलं.

दातांची डॉक्टरीण वयाने सुनेएवढी. तिच्या खुर्चीवर बसलेला एक लठ्ठ गृहस्थ तोंडात कापूस घेऊन स्वतःच उठला आणि हाताने 'या या' करायला लागला. डॉक्टरीणबाई ढमीच्या अंगाला हात लावायच्या आधी खूप प्रश्न विचारत होत्या, आणि काकूंना वाटत होतं, अगं बाई, बोलत काय बसलीस! पडल्यावर शुद्ध हरपली होती का? उलटी झाली का? डोक्याला लागलं का? दात कुठे आहे?

शेवटच्या प्रश्नाला काकूंनी पुडी पुढे केली.

डॉक्टरीणबाईंनी ती उघडली. आत धूळ होती, सोन्याचा किस होता, तो हिरवा खडा होता, तुटकं बटण होतं, साबणाचा तुकडा होता. त्यांनी पुडीकडे बघितलं, मग काकूंकडे, मग काकूंच्या अनवाणी पायांकडे. हसल्या नाहीत. तेवढ्यासाठी काकूंनी त्यांना पुढे बऱ्याच गोष्टी माफ केल्या.

"यात दात नाहीये, काकू."

"मग छातीत गेला," काकू म्हणाल्या. भिंतीला टेकून त्या तिथेच खाली बसल्या, ढमीला मांडीत घट्ट धरून. "श्वास ओढला होता तिने. आणि मी रोखायला लावला. मला सांगा, तो काढता येतो का? कापावं लागेल का? लहान आहे हो फार."

"थांबा. आधी फोटो काढू."

फोटो म्हणजे दातांचा. आजीने मांडीवर घ्यायचं, डोकं आपल्या छातीशी धरायचं आणि एक छोटीशी पट्टी पोरीने दातांत धरायची. सुजलेला ओठ, दुखरी हिरडी, त्यात पट्टी. ढमीने मान फिरवली, पाय झाडले, पट्टी थुंकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक क्षणभर हलली नाही ना, तर काम होईल. काकू, तुमचं ऐकते का ती?"

ऐकते की. एका शब्दात ऐकते. पण तो शब्द काकूंना म्हणवेना. त्यांच्या ओठांशी आला आणि परत गेला, दोनदा. शेवटी त्यांनी काय केलं, तर आपलं कपाळ तिच्या केसांवर टेकवलं आणि खड्यांची नावं म्हणायला लागल्या, हळू आवाजात, अंगाईसारखी. माणिक, पाचू, पुष्कराज, नीलम, मोती, पोवळं. मोत्यापाशी ढमी ऐकायला थांबली. तेवढ्यात फोटो निघाला.

त्याच वेळी सून धापा टाकत आत आली. निरोप तिच्यापर्यंत "दात गेला, जिवंत आहे" एवढाच पोचला होता आणि वाटभर तिने तो उलटासुलटा करून बघितला होता. ढमीला उचलून घेतलं, ओठ बघितला, डोळे पुसले, स्वतःचे नाही, ढमीचे. मग म्हणाली, "आई, झालं काय नेमकं?"

काकूंनी सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. स्टूल, मोजा, श्वास, फरशी.

"म्हणजे तिच्या तोंडातून रक्त येत होतं आणि तुम्ही खाली शोधत होतात?"

"हो."

"आणि ती उभी होती?"

"हात वर करून."

सून म्हणजे दिवसभर लोकांचं ऐकून घेणारी बाई, तिच्याकडे शब्दांना तोटा नसतो. पण ती गप्प झाली आणि ढमीची पाठ चोळत राहिली, आणि काकूंना वाटलं, बोल गं, चार शिव्या घाल, पण अशी गप्प नको राहूस. मध्येच ढमी खोकली. दोघींनी एकदमच तिच्या छातीला हात लावला आणि हात एकमेकींवर पडले. कुणीच काढला नाही.

डॉक्टरीणबाई फोटो घेऊन आल्या आणि उजेडासमोर धरला. "काकू, इकडे या. भिंग लावूनच या हवं तर."

काकूंनी बघितलं. राखाडी रंगात पांढरट ठिपके. काही कळेना.

"हा शेजारचा दात, हलतोय तो. आणि हा बघा तुमचा हरवलेला."

"कुठे?"

"इथे. हिरडीच्या आत. स्टुलावर आपटल्यावर तो पडला नाही, सरळ वर घुसला. मांसात दडून बसलाय, म्हणून दिसत नाही. लहान पोरांचं हाड मऊ असतं, असं होतं. छातीत काही गेलेलं नाही. दात जिथला तिथेच आहे, फक्त आत."

जीव भांड्यात पडला म्हणतात, काकूंचा भांडं चुकवून बाहेर सांडला. त्या रडायला लागल्या ते थांबेनातच. बाहेर थांबलेल्या त्या लठ्ठ गृहस्थाला वाटलं काहीतरी वाईट झालं, त्याने तोंडातला कापूस सांभाळत पाण्याचा पेला आत आणून दिला. तो पेला प्याली सून.

आणि मग काकूंना आपल्या धंद्याची आठवण झाली. डोळे पुसले, नाक पुसलं, भिंग नीट केलं. "आतच आहे ना? मग काढू या की वर ओढून. माझ्याकडे चिमटा आहे बारीक, उकळून घेऊ. हलक्या हातानं. खडा खोल बसला तर मी असाच वर आणते, कोंदणाला ओरखडासुद्धा येत नाही."

"नाही."

"तुम्ही ओढा मग."

"मीही नाही ओढणार. त्याच्या मागेच तिचा पक्का दात तयार होतोय. ओढाताण केली तर त्याला धक्का लागेल. नशिबानं याच्या मुळाचं टोक ओठाकडे वळलंय, पक्क्या दाताकडे नाही. आपण फक्त वाट बघायची. बहुतेक वेळा असा दात आपला आपण खाली येतो. काही महिने लागतात."

"बहुतेक वेळा?" सुनेने विचारलं.

"बहुतेक. नाही आला, किंवा हिरडीवर पू धरला, ताप आला, दात काळा पडून फोड आला, तर लगेच या. मग काढावा लागेल. पक्क्या दातावर एखादा पांढरा डाग येऊ शकतो, ते तो आल्यावरच कळेल. तोवर मऊ खाणं, मऊ ब्रश, हिरडी पुसून स्वच्छ ठेवायची. आणि काकू," त्यांनी काकूंच्या बोटांकडे बघितलं, "हात लावायचा नाही."

जडकाम करणाऱ्या बाईला हात लावू नको म्हणणं म्हणजे मास्तरांना गप्प बसा म्हणण्यासारखं.

घरी आल्यावर सुनेने पहिलं काम केलं ते म्हणजे ते बुटकं स्टूल उचलून जिन्याखाली नेऊन ठेवलं. काकूंनी अडवलं नाही. पाय लोंबकळत ठेवून काम करायला लागल्या, कंबर धरायला लागली, तरी चकार शब्द काढला नाही. "हलू नका" हा कायदाही त्या दिवसापासून रद्द झाला. पण ढमीला हे कोण समजावणार? कुठे ताटली पडली, पेन पडलं, की ती आपली हात वर करून पुतळा व्हायची. मग काकू हातातलं सगळं टाकून ओरडायच्या, "हल गं! नाच! उडी मार!" आणि स्वतः खोलीभर उड्या मारून दाखवायच्या. खालून मास्तर काठीने छत ठोकायचे. एकदा पेढीवाला समोर बसला असताना खडा खरंच उडाला आणि काकू नाचल्या. पेढीवाल्याने त्या दिवशी दागिने मोजून घेतले आणि घाईघाईने निघून गेला.

सून हळूहळू बोलायला लागली. आधी कामापुरतं, मग ढमीपुरतं. एके दिवशी कामावर जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "आई, मी असते तरी घाबरलेच असते." पायऱ्या उतरता उतरता पुढे म्हणाली, "फरशी मात्र नसती बघितली."

"ठाऊक आहे गं," काकू म्हणाल्या.

भीती काही गेली नाही, नुसती जागा बदलून बसली. आता ती हिरडीत राहायला आली. दुपारी ढमी झोपली, तोंड उघडं पडलं, की काकू भिंग लावून वाकायच्या. हात मागे, पाठीशी एकमेकांत गुंतवलेले, न जाणो आपसूक पुढे गेले तर. हिरडी गुलाबी आहे का? फुगलीय का? कालपेक्षा जास्त? शेजारचा हलणारा दात हळूहळू घट्ट झाला, थोडा मळकट पिवळा दिसायला लागला. काकूंना तो काळाच दिसायचा. सून म्हणायची पिवळा, काकू म्हणायच्या काळा, आणि मास्तर खालून येऊन म्हणायचे करडा. त्यांना कुणी बोलावलेलं नसायचं.

असे बरेच दिवस गेल्यावर एका दुपारी काकूंना हिरडीत पांढरं काहीतरी दिसलं.

राईएवढं. त्यांनी भिंग पुसून पुन्हा बघितलं. होतंच. चमकत होतं, ओलं होतं. पू! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तो पू. म्हणजे दात कुजला, आता हिरडी फाडणार, पक्का दातही गेला. काकूंनी झोपलेली ढमी तशीच उचलली. कपाळाला हात लावला, गरम लागलं. झोपेतून उचललेलं पोर गरमच असतं, पण हे त्या क्षणी कोणाला सुचतं? या वेळी सुनेला निरोप नीट दिला, "हिरडीत पू झालाय, मी घेऊन निघालेय, तू ये." चपला या वेळी घातल्या, पण एक स्वतःची आणि एक सुनेची.

सून आणि त्या दवाखान्याच्या दारात एकदमच पोचल्या. दोघींचे चेहरे पांढरेफटक. ढमी तेवढी खुशीत होती, कारण गाडीवाला ओळखीचा निघाला आणि त्याने भोंगा वाजवून दाखवला होता.

डॉक्टरीणबाईंनी ओठ वर केला. बघितलं. मऊ कापडाने पुसलं. पुन्हा बघितलं, बोटाने टकटक केलं. काकूंनी सुनेचा दंड इतका घट्ट धरला होता की तिथे पुढे दोन दिवस हिरवंनिळं दिसत होतं.

"फाडावं लागेल ना?" काकूंनी विचारलं.

"काय फाडायचंय, काकू? दात आहे हा. तुमचाच. खाली येतोय. टोक दिसायला लागलंय."

सून मटकन बाकावर बसली आणि हसायला लागली, मग रडायला लागली, मग ढमीला बघून पुन्हा हसायला लागली. काकू मात्र तशाच उभ्या. पुढे झाल्या, हात पाठीमागे बांधून वाकल्या आणि भिंगातून बघत राहिल्या. पांढरा, इवला, कडेला थोडा तिरका. ढमीने त्यांच्या भिंगावर फुंकर मारली आणि म्हणाली, "ज्जी!"

डॉक्टरीणबाईंना राहवलं नाही. "काय हो काकू, जन्मभर खडे पारखलेत. राईएवढ्या खड्यातला दोष ओळखता म्हणे. आणि एवढा धडधडीत दात ओळखू आला नाही तुम्हाला?"

काकूंनी डोळ्यावरचं भिंग काढलं, पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "खडे मला आजी म्हणून हाका मारत नाहीत, डॉक्टरीणबाई. मारायला लागतील त्या दिवशी तेही ओळखू यायचे नाहीत."